थेंब टेकत नाही

पहाटे साडेचारला वेंगुर्ल्याच्या बंदरावर
माझ्या टपरीत आधी सोडणं पेटतात,
मग मी.
बिडाचा तवा चढवते, नारळाच्या शेंडीने तेल फिरवते,
बोटं तांब्यात बुडवून शिंतोडा मारते.

तवा कोमट असला की थेंब पसरतो,
आळसावतो, कडेकडेने आटत जातो.
पिठाला अजून वेळ आहे.
जरा थांबून पुन्हा: चर्र.
संपला. बघेपर्यंत संपला. आता घाल घावन.

पण जाळ वाढला, तवा नको तेवढा चढला,
की थेंब मरतच नाही.
काचेची गोटी होतो, इकडून तिकडे पळतो,
कडेला आपटून परत येतो
आणि आवाज म्हणून नाही.
अशा तव्यावर पीठ ओतायचं नाही.
दोन करवंट्या बाहेर ओढायच्या, थांबायचं.

हे सासूने शिकवलं. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं.
ते सांगितलं इनास मिस्त्रीने,
काळ्या नखांनी घावन मोडता मोडता:
"अगे, तो तव्याक लागतच नाय.
आपल्याच वाफेर बसललो आसा."

तोही तेच करायचा, मशीनघरात उतरून,
तापल्या सायलेन्सरवर खाऱ्या पाण्याचा शिंतोडा.
चर्र झालं तर ठीक.
थेंब पळाला तर पोरांवर ओरडायचा, "बंद कर, बंद कर!"

अळवावरचं पाणी सगळ्यांना माहीत,
म्हणीत जाऊन बसलंय.
तव्यावरच्या या पाण्याची म्हण कुणी केली नाही.
मी एकदा मोजलं होतं:
चर्र म्हणणारा एका श्वासाचाही नाही,
पळणारा चाळीस आकडे मोजेपर्यंत जिवंत.
जास्त आग, जास्त आयुष्य.
हिशेब पटत नाही, पण तवा खोटं बोलत नाही.

शिमग्याच्या आधी इनासचा धाकटा भाऊ गेला. पेद्रू.
आचऱ्यासमोर, तेरा वाव पाण्यावर, मशीनघरात आग.
इनास तिसऱ्या दिवशी बंदरावर हजर.
त्या आठवड्यात त्याने चार इंजिनं उघडली.
मातीला आलेल्यांना चहासुद्धा त्यानेच वाटला होता,
कपात साखर ढवळून.
कुणी खांद्यावर हात ठेवायला जावं
तर तोवर खांदा पुढच्या होडीवर.
लोक म्हणाले, काळजाच्या जागी जांभा आहे.
मी काही बोलले नाही.
मी रोज तवा बघते.

मग बंदी लागली.
होड्या वर ओढल्या, झावळ्यांनी झाकल्या,
मशीनं गार पडली.
जेटीच्या खांबांना पाणी लागतं तेवढाच आवाज.
इनास बाकड्यावर बसला, हात मांडीवर,
दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे.

गिऱ्हाईक नव्हतं. मी उगाचच एक शिंतोडा मारला
आणि जाळ ओढून घेतला.
एक थेंब उरला, पळत.
आम्ही दोघं बघत होतो.
हळू झाला. मधोमध आला. थरथरला जागच्या जागी.
तवा उतरत होता.
आणि खालची वाफ सुटली असावी,
कारण थेंब टेकला.

चर्र.

गार होत्या तव्याचा आवाज मोठा असतो,
निदान त्या दिवशी तरी होता.

"टेकलो," इनास म्हणाला. एवढंच नीट म्हणाला.
पुढचं शब्दांत नव्हतं.
मी पाठ फिरवली आणि घासलेलं पातेलं
परत घासायला घेतलं, बराच वेळ.

तव्यावर पांढरी कडी राहिली होती, नखाएवढी.
बंदराच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे,
गेलं तरी काहीतरी ठेवून जातं.
मी ती पुसली नाही.

सकाळचं पहिलं घावन त्यालाच दिलं.
"मीठ जास्त झालाहा गे," म्हणाला,
आणि दुसरं मागितलं.